ट्रिप्सिनचा लगाम

२००२ साली ‘जर्नल ऑफ मेडिकल जेनेटिक्स’मध्ये हैदराबादहून गेलेला एक शोधनिबंध छापून आला. त्याच्या लेखकांत गिरिराज चांडक, मोहम्मद इद्रिस, लालजी सिंग ही हबसीगुड्याच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’तली मंडळी होती. हैदराबादेत या संस्थेला सगळे ‘सीसीएमबी’ म्हणतात. त्यांच्या जोडीला होते डॉ. डी. नागेश्वर रेड्डी आणि त्यांच्या ‘एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी’तले सहकारी. ज्या आजाराचा हा अभ्यास, तो मोठा चमत्कारिक. ऐन तरुणपणी, कधी लहानपणीच, पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी कळ सुरू होते. स्वादुपिंडाच्या नळीत कॅल्शियमचे खडे साठतात आणि काही वर्षांत मधुमेह जडतो. बरं, माणूस दारूला शिवलेला नसतो आणि पित्ताशयातही खडे नसतात. डॉक्टर त्याला ‘ट्रॉपिकल कॅल्सिफिक पॅन्क्रिअटायटिस’ म्हणतात.

संशोधकांनी या रुग्णांची दोन जनुकं वाचली. एक होतं ट्रिप्सिन घडवणारं. ट्रिप्सिन म्हणजे अन्नातली प्रथिनं तोडणारं, स्वादुपिंडात जन्मणारं एन्झाइम. दुसरं जनुक होतं त्या ट्रिप्सिनला आवरणाऱ्या प्रथिनाचं. पाश्चात्त्य कुटुंबांमध्ये असा आजार पिढ्यान् पिढ्या चालतो तेव्हा दोष पहिल्या जनुकात सापडतो, हे तोवर माहीत झालं होतं. हैदराबादच्या रुग्णांत तो सापडला नाही. दुसऱ्या जनुकातला एक ठरावीक बदल मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांत निघाला. निरोगी लोकांत तो मोजक्यांत होता.

थोडक्यात, तोडणाऱ्यात खोट नव्हती, लगाम सैल होता. प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचा इतिहास नीट पाहिला तर क्रम नेहमी असाच राहिला आहे. आधी तोडणारा सापडतो. त्याला धरून कोण ठेवतं, हा प्रश्न मागाहून पडतो आणि रोगाचं उत्तर बहुतेक वेळा त्या दुसऱ्या प्रश्नात असतं.

सुरुवात जठरापासून झाली. १८३६ साली बर्लिनमध्ये थिओडोर श्वान यांनी जठररसातला प्रथिनं विरघळवणारा घटक ओळखला आणि त्याला पेप्सिन हे नाव दिलं. पुढे पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी स्वादुपिंडाच्या रसाचा कसून अभ्यास केला. त्या रसात मांसही विरघळतं, हे १८५०च्या दशकाच्या अखेरीस ल्यूसियाँ कोर्व्हिसार यांनी दाखवलं. इथेच एक अवघड प्रश्न उभा राहिला. स्वादुपिंड ही ग्रंथीही मांसाचीच. दिवसाला लिटर-दीड लिटर असा रस गाळणारी ग्रंथी स्वतःच का विरघळत नाही?

उत्तराचा पहिला तुकडा १८७५ साली ब्रेस्लाऊमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, रुडॉल्फ हायडेनहाइन यांच्या हाती लागला. मेलेल्या जनावराचं ताजं स्वादुपिंड ग्लिसरीनमध्ये घोटलं, तर त्या अर्कात प्रथिनं विरघळत नव्हती. तीच ग्रंथी काही काळ तशीच ठेवून मग अर्क काढला, तर तो सपाटून काम करत होता. म्हणजे पेशी तयार एन्झाइम साठवतच नाही, त्याचं निरुपद्रवी पूर्वरूप साठवते. या पूर्वरूपाला त्यांनी झायमोजेन म्हटलं. पुढच्याच वर्षी हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी स्वादुपिंडातल्या त्या एन्झाइमला ट्रिप्सिन नाव दिलं. मग त्याचं पूर्वरूप ते ट्रिप्सिनोजेन.

पण पूर्वरूपाचं एन्झाइम कुठे होतं आणि ते कोण करतं? हे रशियात उलगडलं. सेंट पीटर्सबर्गला इव्हान पाव्हलोव्ह कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी थेट कातडीवर उघडायची शस्त्रक्रिया करत आणि आतड्याला न शिवलेला रस गोळा करत. हा शुद्ध रस प्रथिनांच्या बाबतीत फारच मिळमिळीत निघायचा. १८९९ साली त्यांचे विद्यार्थी शेपोवाल्निकोव्ह यांनी त्यात लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला थोडा रस मिसळला, आणि तो खडबडून जागा झाला. आतड्याच्या अस्तरातल्या या चेतवणाऱ्या घटकाला एन्टेरोकायनेज म्हटलं गेलं. आता शरीराची योजना दिसू लागली: घडवायचं एका जागी, चेतवायचं दुसऱ्या जागी. किल्ली आतड्याच्या भिंतीत असल्यामुळे अन्न पोहोचतं तिथेच एन्झाइम जागं होतं.

ही किल्लीच नसेल तर काय होतं, हे १९६९ साली हाडोर्न आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या बालवयातल्या आजारात दिसलं. जन्मापासून जुलाब, अंगावर सूज, वाढ खुंटलेली. स्वादुपिंडाच्या रसात ट्रिप्सिनोजेन भरपूर, पण ट्रिप्सिन नाही. परीक्षानळीत बाहेरून एन्टेरोकायनेज घातलं, की तोच रस कामाला लागायचा.

उलटी आपत्ती त्याआधीच नोंदली गेली होती. १८९६ साली प्रागमध्ये हान्स किआरी यांनी शवविच्छेदनांवरून मांडलं, की स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात ही ग्रंथी स्वतःच स्वतःला पचवते. एन्झाइम वेळेआधी आणि चुकीच्या जागी जागं झालं, तर पहिला घास त्याच्या घराचाच.

वेळेआधी जागं होण्याचा धोका किती खरा आहे, हे १९३०च्या दशकात कळलं. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन इथे, रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत जॉन नॉर्थ्रप आणि मोझेस कुनिट्झ यांनी ट्रिप्सिन आणि ट्रिप्सिनोजेन यांचे शुद्ध स्फटिक मिळवले. एन्झाइम हे प्रथिनच असतं, यावरचा वाद अशा स्फटिकांनी निकालात काढला आणि नॉर्थ्रप यांना १९४६चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आपल्या गोष्टीला मात्र त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं आहे. ट्रिप्सिनोजेनला ट्रिप्सिन स्वतःही चेतवू शकतं. थोडं ट्रिप्सिन आणखी ट्रिप्सिन करतं, ते आणखी करतं. शिवाय स्वादुपिंडातल्या प्रथिनं तोडणाऱ्या बाकीच्या झायमोजेनांनाही, म्हणजे कायमोट्रिप्सिन, इलॅस्टेज वगैरेंच्या पूर्वरूपांना, तेच जागं करतं. एक ठिणगी पेशीत पडली तर वणवा अटळ वाटावा, अशी ही रचना.

मग रोज वणवा का पेटत नाही? कारण लगाम एक नाही, अनेक आहेत.

पहिला लगाम रेणूच्या शेपटीतच आहे. माणसाच्या ट्रिप्सिनोजेनच्या टोकाला आठ अमिनो आम्लांची शेपटी असते, आणि त्यात ॲस्पार्टिक आम्लाचे चार रेणू ओळीनं बसलेले असतात. ऋणभाराची ही रांग ट्रिप्सिनला नकोशी, त्यामुळे तिच्यालगत तोडायला ते कचरतं. एन्टेरोकायनेजला मात्र हीच खूण लागते. शेपटी तुटली की उघडं पडलेलं नवं टोक रेणूच्या पोटात वळून एका ॲस्पार्टिक आम्लाशी बांधलं जातं आणि तोपर्यंत ढिली असलेली तोडण्याची जागा घट्ट आकार घेते. केंब्रिजमध्ये डेव्हिड ब्लो यांच्या गटानं १९६७ साली कायमोट्रिप्सिनची क्ष-किरण रचना काढली, दहा वर्षांनी म्युनिकमध्ये रॉबर्ट ह्युबर यांच्या गटानं ट्रिप्सिनोजेनची काढली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर हा बदल डोळ्यांना दिसला.

दुसरा लगाम १९४८ साली सापडला. लुईस कझाल आणि सहकाऱ्यांनी गुरांच्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिनला अडवणारं एक छोटं प्रथिन स्फटिकरूपात काढलं. माणसातलं त्याचं भावंड अवघ्या ५६ अमिनो आम्लांचं आहे. ते ट्रिप्सिनोजेनबरोबर एकाच पुडीत भरलं जातं आणि ट्रिप्सिनच्या तोडण्याच्या फटीत अचूक जाऊन बसतं. पण त्याच्या ताकदीला दोन मर्यादा आहेत. सगळं ट्रिप्सिनोजेन एकदम जागं झालं, तर जेमतेम पाचव्या हिश्शाला पुरेल एवढंच ते असतं. दुसरं, १९५३ साली लास्कोव्स्की आणि वू यांनी दाखवल्याप्रमाणे ही पकड तात्पुरती असते. अडकलेलं ट्रिप्सिन हळूहळू तिलाच तोडून सुटतं. चुकून जाग्या झालेल्या थोड्या रेणूंना थोपवायचं आणि आतड्यात पोहोचल्यावर वाट अडवायची नाही, या कामाला एवढी पकड पुरते. या प्रथिनाच्या जनुकाचं आजचं नाव स्पिंक-१. हैदराबादला सैल सापडलेला लगाम तो हाच.

तिसरा लगाम बराच काळ निनावी होता. १९८८ साली हाइनरिक रिंडरक्नेख्ट यांनी माणसाच्या स्वादुपिंडरसात ट्रिप्सिनोजेनचा नाश करणारा एक घटक नोंदवला आणि त्याला नुसतं ‘एन्झाइम वाय’ म्हटलं. ते कायमोट्रिप्सिन-सी असल्याचं २००७ साली बॉस्टनमध्ये स्मोला आणि शाहीन-टोथ यांनी दाखवलं. ट्रिप्सिनच्या ज्या वेटोळ्यात कॅल्शियम बसतं, ते वेटोळं हे एन्झाइम तोडतं. मग ट्रिप्सिन स्वतःलाच दुसऱ्या एका जागी, १२२व्या अमिनो आम्लापाशी, तोडून घेतं आणि संपतं. कॅल्शियम भरपूर असेल तर ते वेटोळं राखलं जातं आणि हा नाश थांबतो.

लगामांबरोबर चोरवाटाही आहेत. पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांमध्ये कॅथेप्सिन-बी नावाचं एन्झाइम असतं. ते ट्रिप्सिनोजेनला चेतवू शकतं, हे १९५९ साली ग्रीनबाउम आणि सहकाऱ्यांनी परीक्षानळीत पाहिलं. २००० साली जर्मनीत हालांगक यांच्या गटानं या एन्झाइमाचं जनुक काढून टाकलेले उंदीर वापरले, तर त्यांच्यात स्वादुपिंडाचा दाह सौम्य राहिला. कॅथेप्सिन-बी ज्या कुळातलं, त्याच कुळात पपईच्या चिकातलं पपेन येतं. हैदराबादी कच्च्या गोश्तच्या बिर्याणीत मटणाला कच्ची पपई वाटून लावतात, ती याच पपेनच्या भरवशावर.

ही झायमोजेन आणि लगामाची पद्धत शरीरानं पचनापुरती ठेवलेली नाही. रक्त गोठवणारे घटकही पूर्वरूपात फिरतात आणि एकमेकांना तोडून जागे करतात. फुप्फुसात पांढऱ्या पेशींचं इलॅस्टेज आवरायला रक्तात अल्फा-१-अँटिट्रिप्सिन असतं. ते फार कमी असलेल्या माणसांना ऐन उमेदीत फुप्फुसाचा विकार गाठतो, हे १९६३ साली स्वीडनच्या लॉरेल आणि एरिकसन यांनी दाखवलं. तिथेही रोग लगामाचाच होता.

आनुवंशिकतेचा धागा अमेरिकेत सुरू होतो. एकाच घरातल्या अनेकांना स्वादुपिंडाचा दाह होतो, याची नोंद १९५२ साली मेयो क्लिनिकच्या कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग यांनी केली होती. १९९६ साली डेव्हिड व्हिटकॉम्ब यांच्या गटानं अशा कुटुंबांत ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातला दोष शोधला. बदल नेमका त्या १२२व्या जागी होता, जिथे ट्रिप्सिन स्वतःला तोडून संपवतं. म्हणजे पाश्चात्त्य कुटुंबांत ‘तोडणाऱ्या’त सापडलेला दोषसुद्धा मुळात त्याच्या मरणाच्या सोयीतला दोष होता. मग २००० साली बर्लिनमध्ये हायको विट यांच्या गटानं या रोगाच्या ९६ मुला-तरुणांत स्पिंक-१ तपासलं, तेव्हा २३ टक्क्यांत बदल मिळाला. सर्वाधिक आढळलेल्या बदलाला एन-३४-एस म्हणतात: ३४व्या जागी ॲस्परजिनऐवजी सेरिन.

भारतात हा आजार तोवर वेगळ्याच खात्यात नोंदलेला होता. १९५९ साली इंडोनेशियातल्या कुपोषित रुग्णांवरून झुइडेमा यांनी तो जगापुढे मांडला. केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी असे रुग्ण मोठ्या संख्येनं पाहिले आणि ‘पॅन्क्रिअटिक डायबेटिस’ हा ग्रंथ लिहिला. तो १९६८ साली प्रसिद्ध केला मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं. संशय गेला तो गरिबाच्या ताटावर. केरळात टॅपिओकाचा कंद पोटभरीचा, त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं, आणि आहारात प्रथिनं कमी असली की शरीराला त्या विषाचा निचरा जमत नाही, असा तर्क १९७९ साली मॅकमिलन आणि गीवर्गीस यांनी मांडला. आपला साबुदाणा याच कंदाचा असतो, पण तो करताना कंद किसून, धुऊन नुसता स्टार्च घेतला जातो, म्हणून उपासाच्या खिचडीचा या तर्काशी संबंध नाही. तर्काला खरी अडचण वेगळीच होती. टॅपिओका ज्यांच्या रोजच्या जेवणात नाही अशा प्रांतांतही रुग्ण होते, आणि खाऊनही बहुसंख्य लोक ठणठणीत होते.

हैदराबादच्या कामाचं मोल इथे कळतं. ज्वारी आणि भातावर जगणाऱ्या दख्खनच्या या शहरात आसपासच्या चार राज्यांतले रुग्ण येतात. नांदेड-देगलूर-उदगीरकडची माणसंही मोठं दुखणं निघालं की पुण्याआधी हैदराबादची गाडी धरतात. इथल्या रुग्णांच्या जनुकांनी सांगितलं, की ‘उष्ण कटिबंधाचा’ म्हणून बाजूला ठेवलेला हा रोग बर्लिनच्या मुलांच्या रोगाचाच नातलग आहे. २००४ साली ‘गट’ या नियतकालिकात चांडक आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. पिढीजात आजार असलेल्या भारतीय कुटुंबांतही ट्रिप्सिनोजेनच्या जनुकात दोष मिळाला नाही, स्पिंक-१मध्ये मिळाला. २००६ साली स्वप्ना माहूरकर आणि सहकाऱ्यांनी चोरवाट तपासली आणि कॅथेप्सिन-बीच्या जनुकातला एक प्रकार या रुग्णांत अधिक आढळतो, असं मांडलं. २००८ साली जर्मन गटाबरोबरच्या संयुक्त अभ्यासात तिसरा लगाम आला. कायमोट्रिप्सिन-सीच्या जनुकातले बदल ७१ भारतीय रुग्णांपैकी १४.१ टक्क्यांत होते, ८४ निरोगी व्यक्तींपैकी १.२ टक्क्यांत. प्रयोगशाळेत अनेक दशकं एकेक करून सापडलेले लगाम आता रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यांत एकेक करून सैल सापडत होते.

तरी एक कोडं सुटलेलं नाही. एन-३४-एस असलेलं स्पिंक-१ प्रथिन परीक्षानळीत तपासलं, तर ते ट्रिप्सिनला नेहमीच्या प्रथिनाइतकंच घट्ट धरतं. म्हणजे हा बदल बहुधा स्वतः गुन्हेगार नाही. त्याच्याबरोबर वारशानं येणारा डीएनएतला दुसरा एखादा बदल प्रथिनाचं उत्पादनच कमी करत असावा, असा संशय आहे. शिवाय शंभरातल्या एक-दोन निरोगी माणसांतही एन-३४-एस असतो आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. एक लगाम सैल पडला तर बाकीचे सांभाळून घेतात. दोन-तीन एकदम सैल पडले आणि वरून आणखी भार आला, की तोल जातो.

लगामच कमी असेल तर तो बाहेरून द्यावा, हे ओघानंच सुचतं, आणि ते करूनही झालं. गुरांच्या अवयवांतून काढलेलं ॲप्रोटिनिन हे ट्रिप्सिनरोधक तीव्र दाहात शिरेतून दिलं जाई. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीनं १९७७ साली दाखवलं, की त्यानं मृत्यू कमी होत नाहीत. मानवी मूत्रातून शुद्ध केलेलं युलिनास्टॅटिन जपानप्रमाणे भारतातही वापरलं जातं आणि महाराष्ट्रातली भारत सीरम्स ही कंपनी ते बनवते. पण या सगळ्या उपायांपुढे एकच अडचण आहे. ट्रिप्सिन पेशीच्या आत जागं होतं, तेही कळ येण्याआधी. रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा लगामाची वेळ टळलेली असते आणि पुढची हानी दाहाच्या इतर प्रक्रिया करत असतात.

म्हणून जुनाट रुग्णांवरचे उपचार परिणामांवर बेतलेले आहेत. नळीतले खडे बाहेरून ध्वनिलहरींच्या आघातानं फोडायचे आणि चुरा दुर्बिणीतून काढायचा. हे काम नागेश्वर रेड्डी यांच्या संस्थेनं इतकं केलं, की २०१०मध्ये एक हजारावर रुग्णांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला. मधुमेहाला इन्सुलिन. आणि थकलेल्या ग्रंथीच्या बदल्यात जेवणाबरोबर एन्झाइमांच्या कॅप्सूल, ज्यांच्यावर जठरात न विरघळणारं आवरण असतं. एन्झाइम आतड्यात पोहोचेपर्यंत राखून ठेवायचं, हा नियम औषध कंपनीलाही पाळावा लागतो.

या मागोव्यातून रुग्णाच्या घरच्यांनी घ्यावं असं काय आहे? आजार खाण्यापिण्याच्या पापातून आला, हा आळ पुसायला हरकत नाही. जनुकाचा अहवाल आला तर तो कौल समजू नये, कारण तो एकाच लगामाबद्दल बोलतो. हातात उरतो तो वरून पडणारा भार. दारू आणि तंबाखू हा आजार बळावतात, हे पक्कं आहे, आणि ज्यांच्या घरात स्वादुपिंडाचं दुखणं आहे त्यांना दोन्हींपासून दूर राहण्याचं कारण इतरांपेक्षा मोठं आहे. अशा घरातलं पोर पोटाची कळ पाठीत जाते म्हणून वारंवार वाकून बसत असेल, तर ‘ॲसिडिटी’ची गोळी देऊन महिने काढण्यापेक्षा त्याच्या स्वादुपिंडाची तपासणी लवकर करून घ्यावी.